निनावी अर्जाखालची सही

निनावी अर्जाखाली मी सही केली.

हे वाक्य गेले आठ दिवस मी निरनिराळ्या प्रकारे फिरवून पाहिलं. त्यात जरा शहाणपणा घालता येतो का, थोडं परिस्थितीवर ढकलता येतं का, ते पाहिलं. जमलं नाही. ज्या अर्जाचा सगळा जीव नाव नसण्यात असतो, त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात मी माझी झोकदार सही ठोकली, सहीखाली सवयीच्या दोन रेघा ओढल्या, पाकीट चिकटवलं आणि औशाच्या बसस्टँडसमोरच्या लाल पेटीत टाकलं. टाकण्याआधी इकडंतिकडं बघूनही घेतलं, कुणी ओळखीचं पाहत नाही ना म्हणून.

याला चौदा उन्हाळे झाले. एप्रिल आला, कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा तो कडवट गोड वास खिडकीतून आला, की आजही माझ्या उजव्या हाताची बोटं आखडतात. यंदा उत्तरपत्रिका तपासायला नांदेडला आलो आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, म्हणजे हा शेवटचाच हंगाम. हॉलमध्ये कूलर घरघरतोय, वाळ्याचे पडदे भिजलेले आहेत, समोर गठ्ठे. पूर्वी गठ्ठे कापडात शिवलेले असायचे आणि शिवणीवर लाखेचं सील. आता चिकटपट्टी असते. पण मला नाकात लाखच येते. मेणबत्तीवर वितळणारी, बोटाला चटका देणारी लाल लाख.

औशाच्या आमच्या कॉलेजात परीक्षेचा महिना म्हणजे लाख, घाम आणि सह्या. मी लातूरहून सकाळच्या एसटीनं यायचो. वर्गात पत्र्याचं छप्पर, पंखा असा फिरायचा की मोजून पाती दिसायची. सुपरव्हायझरचं काम एकच, सही करणं. मुख्य उत्तरपत्रिकेवर सही, प्रत्येक पुरवणीवर सही. पोरं उत्तर येत नसलं की अक्षर मोठं काढतात आणि पुरवण्या मागतात. दिवसाला दोनशे सह्या सहज व्हायच्या. आठ दिवसांत हात स्वतंत्र होतो. डोकं कुठंही असो, लिहिलेल्या कागदाचं खालचं टोक दिसलं की हात जाऊन सही करून येतो. घरी किराण्याच्या यादीखाली सही केल्याचं आठवतं. दुकानदारानं ती यादी खिळ्याला लावून ठेवली होती.

तर हा हात, आणि माझा तोंडाळ स्वभाव, या दोघांनी मिळून जे केलं ते सांगायचं आहे. सांगायला मला नेहमीच आवडतं. तीच तर अडचण आहे.

मी शिकवायचो चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी सूडनाटकं. अभ्यासक्रमात त्यांना जेकोबियन म्हणतात. त्यात एक ठरलेलं पात्र असतं, मालकंटेंट. वर्गात ते सांगताना दरवर्षी माझी गाडी अडायची. असंतुष्ट म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर काही येत नाही. एकदा मी ‘नाराज’ म्हणालो आणि अख्खा वर्ग सावरून बसला. नाराज माणूस आमच्या भागात सगळ्यांना पाठ. तिकीट न मिळालेला तो, कारखान्याच्या संचालक मंडळातून वगळलेला तो, भाचीच्या लग्नात ज्याला फेटा बांधायचा राहिला तो मामाही तोच.

नाटकातला नाराज काळे कपडे घालून दरबाराच्या कोपऱ्यात उभा असतो. शिकलेला असतो, पण त्या शिक्षणाला कुणी विचारलेलं नसतं. कुणाचं काय कुजलंय ते त्याला स्वच्छ दिसतं, आणि ते तो इतकं खुमासदार बोलून दाखवतो, की एवढ्या दरबारात हाच एक शुद्धीवर आहे असं प्रेक्षकाला वाटतं. मग एखादा सरदार त्याला जवळ बोलावतो. आधी कुणावर तरी नजर ठेवायचं काम देतो, नंतर त्याहून वाईट. हा म्हणतो, हे पाप आहे. आणि करतो. करताना कळवळतो, केल्यावर सुंदर भाषण देतो. पश्चात्ताप त्याला होतो, अगदी मनापासून होतो, पण तोवर ज्याची माफी मागायची तो मेलेला असतो.

हे मी फार रंगून शिकवायचो. पोरं म्हणायची, सर ह्या पात्रात एकदम घुसतात. माझ्या लक्षात आलं नाही की मी घुसत नव्हतो, मी तिथलाच होतो.

आमच्या विभागात आम्ही दोघंच. मी आणि मन्मथ बिरादार, ज्यांना सगळं कॉलेज अप्पा म्हणायचं. अप्पा व्याकरण शिकवायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, खिशात लाल, निळं आणि हिरवं अशी तीन पेनं. नोकरीत ते मला बावीस दिवसांनी वरिष्ठ. त्या बावीस दिवसांवर विभागप्रमुखाची खुर्ची त्यांना मिळाली आणि मला मिळाला विनोदाचा विषय. स्टाफरूममध्ये मी सगळ्यांची टर उडवायचो. संस्थेच्या सचिवांची तर जास्तच. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांच्या गळ्यात हार नसला की ते आजारी दिसतात, हे माझं वाक्य तेव्हा औशाच्या कोर्टापर्यंत पोचलं होतं. अप्पांचीही टर उडवायचो. अप्पा हसायचे आणि डबा उघडायचे.

डबा हा आमच्यातला खरा करार. सहा वर्षं वहिनी, म्हणजे अप्पांच्या पत्नी महानंदावहिनी, डब्यात दोघांचं घालत होत्या. कडक भाकरी, दही, कांदा, कधी वांगं, आणि शेंगाची चटणी. अप्पांना तिखट सोसत नसे, म्हणून माझी चटणी वेगळी कुटलेली, छोट्या स्टीलच्या डबीत. अप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावून पहिला घास घ्यायचे. तोवर माझी अर्धी भाकरी संपलेली असायची.

एकदा त्यांनी विचारलं, “मास्तर, ह्या तुझ्या नाटकात शेवटी किती माणसं मरत्यात?”

“आठ. कधी नऊ.”

“आन उरतंय कोण?”

“फारसं कुणी नाही.”

“मग पेपर कोण तपासायचे?” असं म्हणून त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडं सरकवली.

त्या वर्षी अप्पा परीक्षा केंद्राचे प्रमुख झाले आणि त्यांनी कॉपी बंद केली. आरडाओरडा न करता. खिडक्यांना जाळ्या लावल्या, झेरॉक्सवाल्याला चहाला बोलावून हात जोडले, आणि सापडलेल्या पोराला समोर बसवून पाणी पाजून म्हणाले, आता जेवढं येतंय तेवढं लिव, बाळा. केंद्रावर अशी शांतता की बाहेरच्या चिमण्या ऐकू यायच्या. मी सह्या करत त्या शांततेतून फिरायचो आणि मनातल्या मनात नावं ठेवायचो, कारण ती शांतता दुसऱ्याची होती.

चौथ्या पेपराच्या दुपारी साहेबांनी बोलावलं. समोर चहा आला. साहेब म्हणाले, “मास्तर, माझ्या गळ्यात हार नसला की मी आजारी दिसतो म्हणं?”

बशीत चहा सांडला.

“घ्या, घ्या. घरी सांगितलं मी, समदे हसले. जबान लई धारदार हाय तुमची.” त्यांनी पंखा वाढवला. “जरा आमच्या कामाला लावा की.”

काम एवढंच, की कॉपी बंद झाली म्हणून पोरं पुढच्या वर्षी औसा सोडून दुसरीकडं प्रवेश घ्यायच्या बेतात होती आणि ते थांबायला हवं होतं. केंद्रप्रमुखाविरुद्ध विद्यापीठाला एक तक्रार जायला हवी होती. नाव नको. भाषा चांगली हवी. “बिरादार सर देवावानी माणूस हाय,” साहेब म्हणाले, “पर देवाला देवळात ठेवावं, सेंटरवर न्हाई.” मग जरा थांबून, “विभागाला तुमच्यासारखा बोलणारा माणूस पाहिजे मास्तर, प्रमुख म्हणून.”

मी नाही म्हणालो. हे मला स्पष्ट आठवतं, आणि बरीच वर्षं मी हे स्वतःला आठवून देत आलो. मी म्हणालो, “साहेब, हे बरोबर नाही.” साहेब म्हणाले, “न्हाईच हाय.” आणि मी घरी जाऊन अर्ज लिहिला.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डावीकडं झुकवून लिहिला. एकही वाक्य खोटं नव्हतं. पाय मोडलेल्या एका मुलीला अप्पांनी तळमजल्यावर बसवलं होतं. मी लिहिलं, ‘मर्जीतील परीक्षार्थींची स्वतंत्र कक्षात व्यवस्था करण्यात येते.’ कॉपी सापडलेल्या पोराला पाणी पाजलं होतं. मी लिहिलं, ‘गैरप्रकार करणाऱ्यांचा केंद्रावर पाहुणचार होतो.’ झेरॉक्सवाल्याचा चहाही सोडला नाही. लिहून तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना, खरं सांगतो, मला आनंद झाला. इतकं घट्ट गद्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. पानाचं खालचं टोक दिसलं, आणि त्या आनंदात हात गेला आणि नेहमीचं काम करून आला.

सूडनाटकातली आणखी एक गोष्ट मी पोरांना सांगायचो. वेषांतर करून, मुखवटा घालून सगळं पचवलेला माणूस शेवटी आपणहून तोंड उघडतो. कुणी विचारत नसतं. पण आपली करामत कुणालाच कळली नाही, हे त्याला सहन होत नाही. पोरं विचारायची, सर, एवढा हुशार माणूस एवढा येडा कसा? मी म्हणायचो, परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, पुढं चला.

तीन दिवसांनी सात नंबरच्या वर्गात एका मुलाच्या पुरवणीवर सही करताना, खालच्या दोन रेघा ओढताना, माझं पेन मधेच थांबलं. ह्या रेघा मी नुकत्याच कुठंतरी ओढल्यात. कुठं? पाकीट डोळ्यासमोर आलं, पेटीचं लाल तोंड आलं. कागदाचा तो कोपरा मात्र काही केल्या आठवेना. केली की नाही केली? मुलगा म्हणाला, “सर, पुरवणी सोडा की.” मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात नांदेडहून दोन माणसं आली. अप्पांच्या खोलीचं दार अर्धा तास बंद होतं. मी बाहेर व्हरांड्यात रांजणाशी उभा राहून पाचवा पेला पाणी पीत होतो. दार उघडलं, माणसं निघून गेली, अप्पांनी शिपायाला घंटा द्यायला सांगितली. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “मास्तर, सातला जा. पोरं वाट बघून राहिलीत.” दुसऱ्या दिवशी डबा उघडला. भाकरी दोघांची, दही दोघांचं, माझी डबी वेगळी. माझ्या छातीवरचा दगड उतरला. सही केलेली नव्हती तर. केली असती तर अप्पा असे जेवले असते का? त्या उन्हाळ्यापुरती तरी शंका मिटली. त्या आनंदात आठवड्याभरानं मी वहिनींना निरोपही धाडला, की अलीकडं चटणीला मीठ कमी पडतंय.

चौकशीत काही सापडलं नाही, आणि काही नाही असंही कुणी लिहून दिलं नाही. तेवढं साहेबांना पुरलं. अप्पांकडून केंद्रप्रमुखपद काढून घेतलं. जूनमध्ये संस्थेच्या नायगावच्या शाखेत अप्पांची बदली झाली. घर औशात, म्हातारी आई औशात, आणि अप्पा नायगावला भाड्याच्या एका खोलीत, शनिवारची एसटी पकडणारे. आई गेली तेव्हा ते वाटेत होते. हे सगळं मला ऐकून कळत गेलं. ‘ते सेंटरचं प्रकरण झालेले सर’ अशी त्यांची ओळख नायगावला त्यांच्याआधी पोचली होती.

निरोपसमारंभात भाषण कुणी करावं हा प्रश्नच नव्हता. मीच केलं. बायका रडल्या. अप्पांनी शाल खांद्यावर नीट केली आणि टाळ्या वाजवल्या.

खुर्ची मला मिळाली. तिचा एक हात ढिला होता, अजून आहे. त्या खुर्चीत बसून मी साहेबांची टर उडवत राहिलो, आधीपेक्षा जोरात. साहेबांना ती घरी सांगायला मिळत राहिली. नाटकात शेवटच्या अंकात सगळे मरतात आणि पडदा पडतो. आमच्याकडं कुणी मरत नाही. सगळे शाल आणि श्रीफळ घेऊन निवृत्त होतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जातात, पंगतीत शेजारी बसतात. ज्याची माफी मागायची तो जिवंत असतो, त्याचा नंबर आपल्या फोनमध्ये असतो, आणि दिवाळीला आपण त्याला दिव्याचं चित्र पाठवतो. चौदा वर्षं मी दिवेच पाठवले.

आठ दिवसांपूर्वी तपासताना एका उत्तरपत्रिकेवर थांबलो. प्रश्न मालकंटेंटवर होता. बहुतेकांनी गाइडमधलं उतरवलेलं, काळे कपडे, कोपरा, उपहास. या मुलानं, की मुलीनं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं, की हा माणूस वाईट नसतो, पण बोलावलं की जातो. पुढं पान कोरं. दहापैकी किती द्यायचे कळेना. सात दिले, खोडून आठ केले, आणि खाडाखोडीशेजारी सही करायची असते म्हणून पेन टेकवलं. हात उठेना. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, “सर, बीपीची गोळी घेतलीत का?”

बाहेर येऊन फोन लावला. निवृत्तीनंतर अप्पांनी नांदेडलाच, पुलापलीकडं, लहानसं घर बांधलं आहे. म्हणाले, “ये की. जेवायलाच ये.”

दुपारची अडीचची वेळ, रस्ता डांबरासकट मऊ झालेला. अप्पा दारात उभे होते. विभूती तीच, केस गेलेले. खिशात पेन मात्र एकच. ताट आलं. कडक भाकरी, दही, कांदा, चटणी. मी भाकरी मोडली आणि घास न घेताच म्हणालो, “अप्पा, तो अर्ज मी लिहिला होता.”

“हाव,” अप्पा म्हणाले. “सही होती की.”

चौदा वर्षांची शंका अशी, कांदा फोडता फोडता, फिटली.

“त्या दोघांनी कागद दाखवला,” ते सांगू लागले. “म्हणले, तुमच्याच विभागाचा माणूस हाय, सहीनिशी तक्रार हाय. त्याला समोर बोलावतो, शाबित कर म्हणतो. शाबित न्हाई झालं तर तोच आत जाईल, तुमी सुटले.”

“मग?”

“मी म्हणलं, ही सही त्याची न्हाईच. त्याच्या सह्या मी रोज दोनशे बघतो. कुणीतरी त्याच्या नावावर खपवून राहिलंय. मग त्यांनी तो निनावीत टाकला.”

बाहेर कुणाचा तरी कूलर सुरू झाला. मी विचारलं, “का, अप्पा?”

त्यांनी दह्यात भाकरी चुरली. “पेपर चालू होते,” म्हणाले. “तुला नेलं असतं तर सातला कोण बसवायचा? सुपरव्हायझर आदीच कमी होते.”

मला वाटतं खरं कारण हे नसावं. पण अप्पांनी दिलं ते हेच, आणि दुसरं मागायचा हक्क मला नव्हता. माझ्याकडं भाषण होतं. सबंध वाटभर जुळवत आलो होतो, सुरेख झालं होतं. तोंड उघडलं, तर अप्पा म्हणाले, “जेव आदी.” माफी मागितली ती मी ताटाकडं बघत, तीन शब्दांत, आणि तेही पुरते उमटले नाहीत. अप्पांनी मान हलवली. ते मान हलवणं माफीचं होतं की ‘राहू दे’चं, हे मला आता कधी कळणार नाही.

वहिनी चौकटीला टेकून उभ्या होत्या. पुढं झाल्या, माझ्या ताटात भाकरी वाढली.

“त्या दिवशी ह्यांनी घरी सांगितलं तवाच मी म्हणलं होतं, उद्यापासून एकाचाच डबा देते. तर म्हणले, न्हाई. कमी दिला तर त्याच्या ध्यानात येईल, त्याचं पेपरवर लक्ष लागायचं न्हाई.”

“तुम्ही तरीही महिनाभर दिलात, वहिनी,” मी म्हणालो. आवाज दाटून आला होता आणि तो दाटलेला मला आवडतही होता, ही माझी जुनी खोड. “आणि मी मूर्खानं निरोप धाडला, चटणीला मीठ कमी पडतंय म्हणून.”

“कमी नव्हतं पडत, भावजी. टाकलंच नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. “आदी सहा वर्सं खाल्लेलं कुठं अंगी लागलं होतं तुमच्या.”